बोरं खाल्ली की झोप लागते का? प्रश्न छोटा, घोटाळा मोठा



पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती आणि मावशीचा फोन आला. "अगं, तू त्या बोरांवरच काहीतरी करतेस ना? मला एक मेसेज आलाय. रात्री पाच सुकी बोरं दुधात उकळून घेतली की झोपेची गोळी लागत नाही म्हणे. चिनी लोक दोन हजार वर्षं घेतायत. मग मी माझी गोळी बंद करू का?"

मी म्हटलं, "मावशी, गोळी बंद करू नकोस. बाकीचं बघून सांगते." फोन ठेवला आणि लक्षात आलं, की मावशीच्या मेसेजमधलं वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्येही आहे. फक्त माझं वाक्य जरा सभ्य भाषेत होतं आणि त्याला संदर्भ जोडलेले होते. 'बोराचा उपयोग पारंपरिक वैद्यकात निद्रानाशावर केला जातो.' पंधरा दिवसांनी सिनॉप्सिसचं सादरीकरण झालं. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "कोणतं बोर? आणि बोराचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मी जे करत होते, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही औषधी वनस्पतींवर संशोधन करणार असाल, तर 'ही वनस्पती गुणकारी आहे का?' हा तुमचा पहिला प्रश्न नसावा. त्याच्या आधी पाच प्रश्न येतात. बोराचं उदाहरण त्यासाठी फार चांगलं आहे, कारण बोर आपल्याला माहीत आहे असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

पहिला प्रश्न : कोणतं झाड?

आपण बोरन्हाणाला मुलांच्या डोक्यावर ओततो ती बोरं, जळगावची मेहरूण, बाजारातलं उमराण, हल्लीचं ते मोठं ॲपल बोर, या सगळ्यांचं झाड एकाच जातीचं. वनस्पतिशास्त्रातलं नाव झिझिफस मॉरिशियाना. चिनी वैद्यकातलं बोर मात्र झिझिफस जुजुबा. दोघं एकाच कुळातले आणि एकाच प्रजातीतले, म्हणजे चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण एक नव्हेत.

फरक ओळखायला सोपा आहे. आपल्या बोरीचं पान उलटं करून बघा. खालची बाजू पांढुरकी, मऊ लव असलेली दिसेल. चिनी बोरीचं पान खालूनही हिरवं आणि जवळजवळ गुळगुळीत असतं. आपली बोर उष्ण, कोरड्या हवेतली. चिनी बोर कडक थंडी सोसते आणि हिवाळ्यात पूर्ण पानगळ करते. तिचं फळ सुकलं की लालसर, सुरकुतलेलं, खारकेसारखं दिसतं. 'चायनीज डेट' हे नाव त्यावरूनच पडलं. खजुराशी मात्र तिचं काही नातं नाही.

आता खरी मेख बघा. चिनी बोरीला झिझिफस जुजुबा हे नाव फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये दिलं. झिझिफस मॉरिशियाना हे नाव लॅमार्क यांनी १७८९ मध्ये दिलं. पण लॅमार्क यांच्याच नावाने 'जुजुबा' हे नाव आपल्या बोरीलाही लागलं आणि भारतात तेच रूढ झालं. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात आपली बोर 'जुजुबा' आहे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातही तसंच. त्यानंतरच्या कितीतरी औषधी ग्रंथांनी आणि पेपरांनी ते नाव जसंच्या तसं उचललं.

परिणाम काय? डेटाबेसमध्ये तुम्ही 'जुजुबा' शोधलंत, की चीनमधला पेपरही येतो आणि राजस्थानातल्या बोरीवरचा पेपरही येतो. नाव एकच, झाडं दोन. मी ते सगळे पेपर एकाच तक्त्यात भरले होते. माझा अख्खा रिव्ह्यू दोन वेगळ्या झाडांची खिचडी होता.

म्हणून नावापुढे येणारं ते छोटंसं लेखकनाम, 'मिलर' की 'लॅमार्क', कधीही गाळू नका. कंटाळवाणं वाटतं, पण झाडाची ओळख तिथेच असते. पेपरात नुसतं 'जुजुबा' लिहिलं असेल, तर नमुना कुठून गोळा केला ते बघा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवलाय, त्याचा क्रमांक काय, ते बघा. क्रमांकच नसेल तर तो पेपर 'जात अनिश्चित' या रकान्यात टाका.

दुसरा प्रश्न : झाडाचा कोणता भाग?

मावशीच्या मेसेजचा उगम इथे सापडतो. चिनी वैद्यकात बोरीपासून दोन वेगवेगळी औषधं येतात. एक 'दाझाओ', म्हणजे मोठं बोर. हे सुकवलेलं पिकं फळ. दुसरं 'सुआनझाओरेन'. सुआन म्हणजे आंबट, झाओ म्हणजे बोर आणि रेन म्हणजे मगज. आंबट, रानटी, काटेरी उपजातीच्या बोराची आठळी फोडून आतला जो चपटा तांबूस दाणा काढतात, तो. लहानपणी दगडाने बोराची आठळी फोडून आतला दाणा खाल्ला असेल तुम्ही, तसलाच.

झोपेसाठी प्रसिद्ध आहे तो हा दाणा, फळ नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने लिहिलेल्या ग्रंथात 'सुआनझाओरेन थांग' नावाचा काढा येतो. थकव्याने आलेली बेचैनी आणि त्यामुळे झोप न लागणं, यासाठी तो सांगितला आहे. त्यात या दाण्यांबरोबर ज्येष्ठमध, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि आणखी दोन मुळं-कंद असे एकूण पाच घटक आहेत. फळ त्यात नाहीच.

मग घोटाळा का झाला? कारण फळाचाही मनाशी संबंध जोडलेला आहे. त्याच परंपरेत ज्येष्ठमध, गहू आणि दाझाओ यांचा एक साधा काढा आहे. विनाकारण रडू येणं, मन अस्वस्थ होणं, अशा अवस्थेत तो देत. म्हणजे 'फळ मन शांत करतं' आणि 'दाणा झोप आणतो' ही दोन वाक्यं परंपरेतच शेजारी शेजारी आहेत. मराठीत येईपर्यंत त्यांचं एक वाक्य झालं : 'बोराने झोप येते.'

चीनच्या अधिकृत औषधकोशातही ही दोन वेगळी औषधं म्हणून नोंदलेली आहेत. मात्रा वेगळ्या, तपासण्या वेगळ्या. दाण्याची प्रत ठरवताना त्यात जुजुबोसाइड ए आणि स्पिनोसिन ही दोन द्रव्यं किती आहेत ते मोजतात. गंमत अशी, की आपल्या बोराच्या जातीचा, म्हणजे मॉरिशियानाचा दाणा चिनी औषधबाजारात या महागड्या दाण्यातली भेसळ म्हणून ओळखला जातो. ज्या दाण्याला तिथे भेसळ म्हणून बाजूला काढतात, त्याच्या फळाला आपण व्हॉट्सअपवर 'चिनी औषध' म्हणून मिरवतोय!

तिसरा प्रश्न : कोणत्या रूपात?

ताजं, सुकं, भाजलेलं, उकळलेलं, की अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क? प्रत्येक रूप ही रसायनाच्या दृष्टीने वेगळी वस्तू असते. दाण्याचंच बघा. चिनी औषधालयात तो बहुतेक वेळा हलका भाजून आणि वापरायच्या वेळी कुटून घेतात.

फळाचं एक उदाहरण देते. 'बोरात भरपूर क जीवनसत्त्व असतं' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकी कृषी खात्याच्या जुन्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या चिनी बोरात सुमारे ६९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. म्हणजे वाक्य बरोबर. आता सुक्या बोराचा आकडा बघा : सुमारे १३ मिलिग्रॅम.

इथे जरा थांबा आणि स्वतः हिशोब करा. ताज्या फळात १०० ग्रॅममागे कर्बोदकं सुमारे २० ग्रॅम, सुक्यात सुमारे ७४ ग्रॅम. म्हणजे पाणी उडाल्यामुळे सगळं साधारण साडेतीन पटींनी दाट झालं. त्या हिशोबाने क जीवनसत्त्व २४० च्या आसपास जायला हवं होतं. आहे फक्त १३. दोन्ही नमुने एकाच झाडाचे नसणार, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नका, पण दिशा स्पष्ट आहे. वाळवताना क जीवनसत्त्व गेलं, साखर मात्र राहिली.

माझ्या मावशीला मधुमेह आहे. त्यामुळे हा हिशोब माझ्यासाठी नुसता हिशोब राहिला नाही.

चौथा प्रश्न : ग्रंथ नेमकं काय म्हणतो?

'पारंपरिक वैद्यकात सांगितले आहे' हे वाक्य आपण फार सहज लिहितो. कोणत्या परंपरेत? कुठे? कशासाठी? एवढं लिहिल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

आयुर्वेदापासून सुरू करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधांचे ५० गट दिले आहेत, प्रत्येक गटात १० द्रव्यं. बोर शोधत मी हे गट वाचत गेले. हृदयाला हितकर अशा द्रव्यांत बोर आहे. श्रम घालवणाऱ्या गटात आहे, द्राक्षं आणि खजुराच्या पंगतीत. विरेचनाला मदत करणाऱ्यांत आहे, स्वेदनाला मदत करणाऱ्यांतही आहे. उलटी थांबवणाऱ्या गटातही आहे, पण तिथे खास 'अम्लबदर', म्हणजे आंबट बोर म्हटलंय. अशा बऱ्याच ठिकाणी बोर सापडलं. झोपेसाठी असा स्वतंत्र गट त्या पन्नासांत नाहीच.

दुसरं म्हणजे ग्रंथकारांचं वर्गीकरण आपल्यासारखं नव्हतं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात बोराचे तीन प्रकार येतात. मोठं गोड ते सौवीर, मध्यम ते कोल आणि लहान ते कर्कंधू. ही विभागणी आकार आणि चवीवर आहे. तिला एकेक लॅटिन नाव चिकटवून टाकायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण एकाच जातीच्या झाडांनाही लहानमोठी, आंबटगोड फळं लागतात, हे कुठलाही शेतकरी सांगेल. आणखी एक खाचखळगा : 'कोल' हे वजनाचं मापही आहे, अर्धा कर्ष. एखाद्या पाठात 'कोल' दिसलं की ते फळ आहे की माप, हे आधी बघायचं.

युनानीत फळाचं नाव उन्नाब, आणि ते चिनी बोराच्या जातीचंच. सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात उन्नाब, सपिस्तान म्हणजे आपलं भोकर, आणि बेहदाणा ही तिघं एकत्र जातात. काष्ठौषधींच्या दुकानात 'उन्नाब' मागितलंत तर सुकी लाल बोरं मिळतील. म्हणजे चिनी जातीचं फळ आपल्याकडे औषध म्हणून आलं, पण घशासाठी. झोपेसाठी नव्हे.

आणि चिनी ग्रंथांत फळाचं मुख्य काम काय? बहुतेक वेळा ते मदतनीस असतं. सर्दी-तापावरच्या प्रसिद्ध 'ग्वेइझी थांग'मध्ये दालचिनीच्या कुळातल्या कोवळ्या फांद्यांबरोबर, आलं आणि ज्येष्ठमधाबरोबर १२ बोरं पडतात. 'शी झाओ थांग', म्हणजे 'दहा बोरांचा काढा', तर आणखी बोलका आहे. नावात बोरं असली तरी रोगावर काम करतात ती तीन जहाल, विषारी रेचक द्रव्यं. दहा बोरं घालायची ती त्या जहाल औषधांचा पोटाला होणारा त्रास कमी व्हावा म्हणून. आता कल्पना करा, कुणी घाईघाईत नाव वाचून 'दहा बोरांच्या काढ्याने छातीत साठलेलं पाणी उतरतं' असं लिहिलं तर! नाव बोराचं, काम दुसऱ्याचं.

पाचवा प्रश्न : पुरावा कोणत्या पायरीवरचा?

दाण्यातल्या जुजुबोसाइड आणि स्पिनोसिन या द्रव्यांवर प्रयोगशाळेत बरंच काम झालंय. त्यातली एक नेहमीची चाचणी समजून घ्या. उंदराला पेंटोबार्बिटल हे झोपेचं औषध देतात. त्याआधी काही उंदरांना आपला अर्क दिलेला असतो. अर्क घेतलेले उंदीर जास्त वेळ झोपले, तर 'अर्कात निद्राकारक गुण आहे' असा निष्कर्ष काढतात.

पण उंदीर जास्त वेळ झोपण्याचं आणखी एक कारण असू शकतं. अर्कामुळे यकृतात पेंटोबार्बिटल मोडायचा वेग कमी झाला असेल. मग अर्काने झोप आणली नाही, फक्त आधीचं औषध शरीरात जास्त वेळ राहिलं. हे तपासल्याशिवाय पुढचं वाक्य लिहायचं नाही. आणि मावशीसाठी तर हा मुद्दा आणखीच महत्त्वाचा. जी बाई आधीच झोपेची गोळी घेते, तिला अशी शक्यता असलेला अर्क सोबत देणं म्हणजे धोका वाढवणं.

माणसांवरच्या चाचण्याही आहेत. सुआनझाओरेन काढ्यावर निद्रानाशाच्या रुग्णांत चाचण्या झाल्या आहेत. पण बऱ्याच लहान आहेत आणि कडक निकषांवर कमी पडतात. त्यात एक साधी अडचणही आहे : काढ्यासारखीच चव आणि वास असलेला खोटा काढा बनवणं कठीण. रुग्णाला आपण खरं औषध घेतोय हे कळलं, की तुलना डळमळते. फळाच्या बाजूला बघायचं तर २००८ मध्ये इस्राएलमधून चिनी बोराच्या अर्काची जुन्या बद्धकोष्ठावरची एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली आणि तीत फायदा दिसला. तीही छोटीच. पण बघा, फळाचा माणसांवरचा पुरावा कुठे सापडला? पोटाच्या तक्रारीत. झोपेत नव्हे.

मग आता करायचं काय?

माझी पद्धत सांगते, आवडली तर उचला. प्रत्येक पेपरसाठी एक ओळ आणि त्या ओळीला सहा रकाने : झाड (लेखकनामासह), भाग, रूप, परंपरेतला नेमका दावा, पुराव्याची पायरी आणि शेवटचा रकाना 'कळत नाही'. हा शेवटचा रकाना भरायला लाजू नका. माझ्या तक्त्यात सुरुवातीला सगळ्यात जास्त भरलेला रकाना तोच होता. बाईंना तो तक्ता दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तुझा विषय सुरू झाला." माझा आजचा प्रबंध त्याच रकान्यातून निघाला. नमुन्यातला दाणा चिनी जातीचा की आपल्या बोराचा, हे ओळखायच्या पद्धतींवर मी काम करते. बोर गुणकारी आहे का, या मूळ प्रश्नाच्या मानाने हे फार छोटं काम आहे. पण ते पक्कं झाल्याशिवाय मूळ प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येणार नाही.

नमुना गोळा कराल तेव्हा फुलाफळांसकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये जमा करा. पुण्यात बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. तुमच्या विद्यापीठातही असेल. चौकशी करा. बाजारातून पुडी आणून 'बोर' म्हणून थेट दळायला घेऊ नका.

आणि मावशी? तिला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, "मावशी, चिनी लोक झोपेसाठी घेतात ते बोर नाही, बोराच्या आतला दाणा. तोही आपल्या बोराचा नाही, आणि एकटा नाही, चार औषधांबरोबर. दुधातली सुकी बोरं म्हणजे तुझ्यासाठी साखरच. आणि गोळी अचानक सोडलीस तर त्रास होतो, ती कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बोरं खायचीच नाहीत?"

"खा की. ताजी, चार-पाच, दुपारी, मीठ लावून. औषध म्हणून नको, बोरं म्हणून खा."

तुम्ही उद्या पेपर लिहाल, रिव्ह्यू लिहाल. त्यातलं एखादं वाक्य कुठून कुठे फिरत कुणाच्या तरी मावशीच्या फोनवर पोचेल, हे सांगता येत नाही. तेव्हा वाक्य लिहिताना एकदा स्वतःलाच विचारा : कोणतं बोर? आणि बोराचं काय?

तुमच्या विषयातली वनस्पती घ्या आणि हे पाच प्रश्न तिला लावून बघा. कुठे अडलात ते मला जरूर कळवा. अडलात तिथेच बहुतेक तुमचा विषय असेल.